गळामावशीला कोणता गळा?

त्या गल्लीत बायकांचे कपडे शिवणारी तीन दुकानं होती आणि तिन्ही बऱ्यापैकी चालायची. पण ड्रेस कुठेही शिवायला टाकला तरी त्याचा गळा कोपऱ्यावरच्या मावशीकडूनच कापून घ्यायचा, असं बायकांनी आपापसात कधीच ठरवून टाकलं होतं. बाकीचे दोघे शिंपी सुरुवातीला यावर भलतेच चिडले. "मग बाह्यासुद्धा तिकडेच लावून घ्या," असं एकाने एका बाईला चारचौघांत सुनावलं होतं. पुढे त्यांनीही हात टेकले आणि गळ्याची जागा कोरी सोडून ड्रेस गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला लागले. तेव्हापासून तिचं नाव गळामावशी पडलं. तिचं खरं नाव फक्त वीजबिल पाठवणाऱ्यांना आणि नवऱ्याला ठाऊक होतं, आणि नवराही ते विसरला असावा, कारण तो तिला "ऐकलंस का" अशीच हाक मारायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी उजेडात मशीन, मधे कापायचं लांबट टेबल, भिंतीला टेकवलेला आरसा आणि एक स्टूल. पाठीमागच्या छोट्या खोलीत नवरा लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा. दोघांच्या मधे एक पडदा होता आणि तो कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचा असल्याने त्यात गल्लीतल्या निम्म्या बायका ओळखू यायच्या. गिऱ्हाईक आलं की मावशी पाणी विचारायची, घरची चौकशी करायची, माप घ्यायची आणि म्हणायची, "तुला चौकोनी काढते," किंवा "तुला गोलच, पण जरा खाली." यावर चर्चा नसायची. पतपेढीतल्या एका बाईने एकदा मासिकातलं चित्र आणून "मला हाच पाहिजे" म्हणून हट्ट धरला होता. मावशीने मुकाट्याने तसा कापून दिला. तिसऱ्या दिवशी ती बाई ड्रेस घेऊन परत आली आणि "तुमचंच खरं" म्हणाली. मावशीने एका शब्दाने टोमणा मारला नाही, पण त्या दिवशी तिने चहात साखर जास्त घातली असं नवरा सांगतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना शिवणशाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या. मोठ्या बाई शाळेच्या प्रमुख, मावशीच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्याकडची शिकवणारी बाई नोकरी सोडून परगावी गेली होती. "मावशी, तुम्ही शिकवाल का?" त्यांनी सरळच विचारलं. "येत्या गुरुवारी दहा वाजता एक तास घेऊन दाखवा. अठरा मुली आहेत. मी मागे बसेन. जमलं तर जागा तुमची."

मावशी सातवीत शाळा सोडलेली. वर्गात उभं राहायचं म्हटल्यावर तिला आधी नाहीच म्हणायचं होतं. पण नाही म्हणवेना. गेली दोन-तीन वर्षं तिला एक गोष्ट आतल्या आत खुपत होती. तिची लेक दूर दवाखान्यात नोकरीला लागली होती, सुई-दोऱ्याशी तिचा संबंध फक्त टाके घालण्यापुरता, तोही माणसांना. आपल्या हातात जे आहे ते आपल्याबरोबरच जाणार, दुसऱ्या कुणाच्या हातात उतरणार नाही, हा विचार आला की मावशीला मशीन चालवता चालवता थांबावंसं वाटायचं. ती जागा तिला हवी होती. इतकी हवी होती की तिने नवऱ्यालाही पहिले दोन दिवस सांगितलं नाही.

"विषय कोणता घ्यायचा?" तिने विचारलं.

"तुमचाच की. चेहरा आणि बांधा बघून गळा कसा निवडायचा." मोठ्या बाईंनी पिशवीतून एक पातळ पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "अभ्यासक्रमातलं आहे. यात सगळं दिलंय."

सगळं दिलंय, तिथेच तर घोळ झाला.

पुस्तक बावीस पानांचं होतं. पहिल्या पानावर पाच चेहरे काढले होते, गोल, लांबट, चौकोनी, अंडाकृती आणि वर रुंद खाली निमुळता असा एक. पाचांपैकी एकालाही नाक नव्हतं. गोल चेहऱ्याला व्ही आकाराचा गळा द्यावा म्हणजे चेहरा उभट दिसतो. लांबट चेहऱ्याला पसरट, नावेसारखा गळा द्यावा. चौकोनी जबड्याला चौकोनी गळा चुकूनही देऊ नये. आखूड मानेला उघडा गळा, लांब मानेला उभी पट्टी. रुंद खांद्यांना अरुंद आणि खोल, अरुंद खांद्यांना रुंद आणि उथळ. मावशी वाचत गेली आणि सुरुवातीला तिला बरंच वाटलं, कारण यातलं बरंचसं ती करतच होती. मग तिने विचार केला की समजा एखादीचा चेहरा गोल आहे, मान लांब आहे आणि खांदे अरुंद आहेत. चेहरा म्हणतो व्ही काढा, मान म्हणते बंद करा, खांदे म्हणतात पसरट पाहिजे. ऐकायचं कुणाचं? तिने पानं पुढे-मागे केली. पुस्तक त्यावर गप्प होतं.

पुढे बांध्याचा धडा होता. त्यात बायकांचे प्रकार नासपती, सफरचंद आणि वाळूचं घड्याळ असे पाडले होते. मावशीला हे वाचून हसावं की रागवावं कळेना. तिने पडदा सारून नवऱ्याला विचारलं, "अहो, मी वाळूचं घड्याळ आहे का हो?"

नवऱ्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही. "वाळूची मी दुरुस्त करत नाही," तो म्हणाला.

पण खरा घोटाळा तिसऱ्या पानावर होता. तिथे शिक्षिकेसाठी सूचना होती. तासाच्या सुरुवातीला शिक्षिकेने स्वतःच्या चेहऱ्याचा आकार मुलींना सांगावा आणि आपण घातलेल्या कपड्याचा गळा त्यानुसार कसा आहे ते समजावून द्यावं. मावशीने ते वाचलं आणि आपल्या अंगावरच्या कपड्याकडे पाहिलं. नवीन गळा कापायचा असला की ती तो आधी मांजरपाटाच्या स्वस्त कापडावर कापून बघायची, आणि ते कापड वाया जाऊ नये म्हणून त्याचाच झगा शिवून स्वतः घालायची. म्हणजे गेली तीस वर्षं ती दुसऱ्यांचे गळे घालून वावरत होती. आज तिच्या अंगावर औषधाच्या दुकानातल्या बाईंचा गळा होता. स्वतःचा चेहरा कोणत्या आकाराचा आहे हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

पुस्तकात उपाय होता. आरशासमोर उभं राहून, केस मागे घेऊन, एक डोळा मिटून साबणाच्या तुकड्याने आरशावर चेहऱ्याची कड गिरवावी. मावशीने गिरवली. मागे सरकून पाहिलं तर आरशावर बटाटा. तिने दुसरा डोळा मिटून पुन्हा गिरवली. दोन बटाटे झाले. तेवढ्यात नणंद भाजीची पिशवी घेऊन आली आणि आरशाकडे बघून म्हणाली, "वहिनी, हे काय, घरी लहान मूल आलंय का?"

"माझा चेहरा कसा आहे गं?" मावशीने विचारलं.

"बरा आहे की."

"तसं नाही. आकार."

नणंदेने पिशवी खाली ठेवली आणि पाहिलं. एवढं निरखून तिने वहिनीकडे लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असेल. "लांबट," ती म्हणाली. "म्हणजे लग्नात लांबट होता. आता गाल खाली आलेत. आता काय म्हणायचं त्याला?" लेकीला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, तुझा चौकोनी आहे. माझा जबडा कुणावरून आला मग?" नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "गोल." का, तर तीस वर्षं गोलच वाटत आलाय. दूधवाली म्हणाली अंडाकृती, पण तिला पुढच्या आठवड्यात ड्रेस अर्जंट हवा होता, तेव्हा तिच्या शब्दावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. चार माणसं, चार आकार. मावशीने ओल्या फडक्याने आरसा पुसला, पण साबणाचा ओरखडा काही पुरता जाईना, आणि पुढचे दोन दिवस आरशात बघणाऱ्या प्रत्येक बाईच्या हनुवटीला एक पांढरी कड दिसत राहिली.

हे तिच्यापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण पुस्तक एकदा डोक्यात शिरलं ते गिऱ्हाइकांमधे येऊन बसलं. कुणी दारात आलं की मावशीच्या मनात आधी आकार यायला लागले. ही सफरचंद, ही लांबट, हिचं कपाळ रुंद पण मान कोणत्या खान्यात घालायची? पूर्वी पाणी देईस्तोवर तिचं ठरलेलं असायचं, आता माप घेऊन झाल्यावरही ती टेप हातात धरून उभी राहायची. "मावशी, बरं नाही का?" असं दोघींनी विचारलं. एकीला तर तिने, आयुष्यात पहिल्यांदा, "तुला कोणता हवाय?" असं विचारलं. ती बाई घाबरून दुसऱ्या दिवशी येते म्हणून निघून गेली.

आणि त्यातच दातांच्या डॉक्टरीणबाईंचा ड्रेस बिघडला.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना चौकात होता. त्यांचा चेहरा गोल गरगरीत, मान आखूड. पुस्तकात अशा बाईला काय द्यायचं याबद्दल कुठलाही संशय नव्हता, दोन्हीही कलमं एकाच बाजूची होती. मावशीला इतकं हायसं वाटलं की तिने पुस्तक टेबलावर उघडं ठेवून छान खोल व्ही कापला, अस्तर लावलं, कडेला बारीक पायपिंग केलं आणि ड्रेस पाठवून दिला. सोमवारी डॉक्टरीणबाई दवाखाना अर्धा सोडून आल्या. पांढरा कोट गळ्यापर्यंत सेफ्टी पिनांनी बंद केलेला.

"मावशी, हा काय गळा आहे?"

"का हो? चेहरा किती उभट दिसतो त्यात."

"उभं राहिल्यावर दिसत असेल. मी दिवसभर वाकलेली असते, लोकांच्या तोंडात. आज सकाळी पहिल्याच पेशंटवर वाकले आणि 'आ करा' म्हणायच्या आधीच त्याने आ केला होता!"

पडद्यामागे घड्याळजींच्या हातातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मावशीला मात्र हसू आलं नाही. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तीस वर्षांत तिचा एकही गळा परत आला नव्हता, पतपेढीवालीचा सोडून, आणि तो तरी तिचा कुठे होता. ती खाली मान घालून म्हणाली, "पुस्तकात तसंच लिहिलंय."

"पुस्तक गेलं खड्ड्यात. आधी तुम्ही कसं ठरवायचात?"

"बघून."

"काय बघून?"

मावशीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की सांगायला काहीच नाही. काय बघत होती ती इतकी वर्षं? चेहरा? मग चेहऱ्याप्रमाणे डॉक्टरीणबाईंना व्ही यायला हवा होता, आणि तिने तो याआधी एकदाही दिला नव्हता. एकावर एक पट्टी येणारा, समोरून बंद दिसणारा पण तिरकी रेघ असलेला गळा ती त्यांना देत आली होती. का देत आली होती, देव जाणे.

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या आणि राग जरा उतरल्यावर म्हणाल्या, "एक सांगू? दर वेळी मी आले की तुम्ही मला आधी कामाला लावायचात. ती खुंटीवरची टेप काढून द्या, ते खाली पडलेलं रीळ उचला. या वेळी तुम्ही मला नुसतं उभं केलंत आणि पुस्तकात बघत राहिलात."

"माझा गुडघा दुखतो हो," मावशी ओशाळून म्हणाली. "म्हणून सांगते गिऱ्हाइकाला. आता नाही सांगणार."

तिला वाटलं, बाईंना तेही खटकलं होतं. तिने ड्रेस ठेवून घेतला, आतून एक त्रिकोणी तुकडा लावून गळा वर आणून द्यायचं कबूल केलं, आणि त्या गेल्यावर मशीनवर हात ठेवून नुसती बसून राहिली. गुरुवारला तीन दिवस होते. पुस्तकाप्रमाणे शिकवावं तर ते खोटं आहे हे आता तिला कळलं होतं. खरं शिकवावं तर खरं काय ते तिलाच ठाऊक नव्हतं. तिला रडूच यायला लागलं. मोठ्या बाईंना जाऊन सांगावं, मला जमणार नाही, मी आपली कापणारी आहे, सांगणारी नाही. दोनदा तिने पायात चपला घातल्या आणि दोनदा काढल्या.

"अहो," जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "घड्याळ बिघडलं की तुम्हाला कसं कळतं?"

"कानाला लावतो."

"मग काय ऐकू येतं?"

नवऱ्याने घास हातात धरून बराच वेळ विचार केला. "टिकटिक," तो म्हणाला. मग त्यालाही ते उत्तर पुरलं नसावं, कारण तो आणखी बराच वेळ जेवायचा थांबला. त्या दिवसापासून घरात एकाच्या ऐवजी दोन गोंधळलेली माणसं झाली.

गुरुवारी मावशी शिवणशाळेत पोहोचली. खोली लांबट, एका बाजूला मशीनं झाकून ठेवलेली, समोर फळा, बाकांवर अठरा मुली. मोठ्या बाई मागच्या खुर्चीत वही उघडून बसल्या. मावशीने आदल्या दिवशी खूप विचार करून शेवटी पुस्तकच आणलं होतं, कारण दुसरं आणण्यासारखं काही नव्हतं. तिने फळ्यावर पाच चेहरे काढले. हात चांगला असल्याने चेहरे सुरेख आले, तिने त्यांना नाकंसुद्धा काढली. खाली नियम लिहिले. मुली भराभर उतरवून घेत होत्या आणि पाच-दहा मिनिटं सगळं ठीक चाललं.

"बाई, तुमचा चेहरा कोणता?" पुढच्या बाकावरून एकीने विचारलं.

 मावशीने उत्तर द्यायच्या आतच दुसरी म्हणाली, "गोल आहे ना."

"छे, चौकोनी."

"हनुवटी बघ की, निमुळती आहे."

"आणि गळा बघ कोणता घातलाय. चौकोनीला चौकोनी चालत नाही म्हणून आत्ताच लिहून दिलंय बाईंनी."

हशा पिकला. मग प्रत्येकीने शेजारणीचा चेहरा धरला. तू गोल, तू लांबट, तू वरून रुंद. कुणी पट्टीने कपाळं मोजायला लागलं, कुणी वहीवर सफरचंद काढून शेजारणीकडे सरकवलं. वर्गाचा बाजार झाला. मावशी "अगं, हळू, हळू" म्हणत राहिली, पण तिचं कोण ऐकतंय. खिडकीजवळ एक बारीक चणीची मुलगी बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "हिचा जबडा तर खोक्यासारखा आहे, हिला कुठलाच गळा नाही." सगळ्या हसल्या. ती मुलगीही हसली, पण तिचा हात हळूच वर गेला आणि तिने जबड्याची एक बाजू तळव्याने झाकून घेतली.

मावशीने ते पाहिलं आणि तिच्या काळजात कळ आली. तिच्या दुकानातून इतक्या बायका गेल्या. आखूड मानेच्या, वाकड्या खांद्यांच्या, पोक आलेल्या, गळ्यावर भाजल्याचा डाग असलेल्या. त्यांतली एकही बाई असा तोंडावर हात धरून बाहेर पडली नव्हती. आणि इथे अर्ध्या तासात तिने एका पोरीला तोंड लपवायला लावलं होतं. तिने फळा पुसायला घेतला. पाचही चेहरे पुसले, खालचे नियम पुसले, आणि त्या घाईत डस्टर हातातून निसटून खाली पडला.

वर्ग गप्प झाला. मावशी डस्टरकडे बघत होती. गुडघा वाकणार नव्हता. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं खिडकीजवळची, जरा तेवढं उचलून दे गं."

ती मुलगी आली. वाकताना तिने एका हाताने छातीपाशी कापड धरलं. उठताना तिची मान आधी वर आली, खांदे मागून. डस्टर देताना ती मावशीकडे न बघता जरा बाजूला बघत होती, आणि त्या बाजूला वळलेल्या मानेची रेघ फार सुंदर होती. मावशीला गळा दिसला. मानेला अलगद धरणारी बोटभर उभी पट्टी, आणि पुढे एक बारीक फट, वाकली तरी न उघडणारी. गेल्या आठवड्याभरात तिला गळा असा दिसलाच नव्हता. आता तो समोर काढून ठेवल्यासारखा होता.

तशी ती चरकली. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या ते हेच होतं. टेप काढून द्या, रीळ उचला. गुडघा दुखायला लागला तो पाच-सहा वर्षांमागे, आणि बायकांना ती कामाला लावत होती त्याच्या कितीतरी आधीपासून.

"पोरींनो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला, "मी तुम्हाला आत्तापर्यंत जे सांगितलं ना, ते खोडून टाका. मला चेहऱ्यांचे आकार कळत नाहीत. माझाच मला कळला नाही. आठवडाभर डोकं फोडून घेतलं. मला वाटतं, मी चेहरा बघतच नव्हते. उभ्या बाईला गळा लागत नाही. बाई वाकते, उचलते, वर हात करते, कुणी हाक मारली की मान वळवते. तेव्हा तिचा हात आपोआप कुठे जातो, ते बघायचं. ती काय झाकते आणि काय विसरून जाते, ते बघायचं. जे विसरते ते मोकळं ठेवायचं."

मागे मोठ्या बाईंची लेखणी थांबली होती. त्यांच्या कपाळावर आठी होती, आणि ती कसली ते मावशीला कळेना. आपण बोललो ते बरोबर की चूक, हेही कळेना. पण आता मागे फिरायला रस्ता नव्हता.

"आणि एक," ती म्हणाली. "बाईचं जे उणं दिसेल ते तोंडाने सांगायचं नाही. ते कात्रीने सांगायचं. तिला कळूसुद्धा द्यायचं नाही."

मग तिने एकेकीला उठवलं. ही दाराबाहेर जाऊन आत येणार, ती कपाटावरचा डबा काढणार, तिसरी खाली सांडलेल्या टाचण्या गोळा करणार. बाकीच्यांनी बघायचं, बोलायचं नाही, फळ्यावर जाऊन नुसता गळा काढायचा. पहिल्या दोघी-तिघींनी काढले ते गळे काही बरे नव्हते. एकीने तर बादली काढली. पण हळूहळू खिदळणं थांबलं. मुली डोळे बारीक करून बघायला लागल्या. मघाशी जबड्यावरून बोललेली मुलगी डबा काढायला उठली तेव्हा तिने पोट आत ओढून घेतलं आणि एक बाही खाली ओढली. ते सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीही काही म्हटलं नाही.

"बाई, आता तुम्ही," पुढची मुलगी म्हणाली.

"मी कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, तुमचा तुम्हाला माहीत नाही."

मावशीला ना म्हणता येईना. अठरा जोड्या डोळे, मागे मोठ्या बाई. ती दाराबाहेर गेली आणि आत आली. कपाटापर्यंत गेली. डबा काढला, ठेवला. कुणीतरी "बाई" म्हणून हाक मारली, तिने वळून पाहिलं. एवढंच. पण त्या पाच-सात पावलांत तिला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते सुचेना. आपल्याकडे आलेल्या बायकांना हे असं वाटत असेल, हे तिला कधी माहीत नव्हतं.

खिडकीजवळची मुलगी उठली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. ती फळ्यापाशी गेली, थोडा वेळ नुसती उभी राहिली, मग तिने खडू टेकवला आणि एक रुंद, उथळ, कोपरे गोल केलेला गळा काढला. मावशीला तो आवडला. साधा होता, मोकळा होता. असा गळा तिने कुणासाठी कापला नव्हता. मग मुलीने मागे सरकून पाहिलं, पुन्हा पुढे होऊन डावी बाजू बोटाने पुसली, आणि तिकडची रेघ जराशी वर घेऊन पुन्हा काढली. फार नाही, अर्धं बोट.

मावशी त्या रेघेकडे बघत राहिली. असा फरक कुणाला करायचा ते तिला पक्कं ठाऊक होतं. ज्या बाईचा एक खांदा खाली उतरलेला असतो तिला. तीस वर्षं डाव्या हाताने कापड पुढे सरकवताना तिचा डावा खांदा खाली गेला होता आणि आजपर्यंत तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. आरशाने नाही, नवऱ्याने नाही. आत्ताही कुणी सांगितलं नव्हतं.

"इकडे वर का घेतलीस गं?" तिने विचारलं.

मुलीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खडूकडे वळवली.

"असंच, बाई," ती म्हणाली.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका विचारायच्या, मावशी, ही पट्टी इकडे जरा वर का, आणि दर वेळी ती सांगायची, असंच. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिने ते कधी ऐकलं नव्हतं. ती पाठ करून फळ्याकडे वळली आणि रिकामा हात फळ्यावरून उगीच फिरवल्यासारखा त्या रेघेपाशी नेऊन थांबली, पण रेघ तिने पुसली नाही.

मागून मोठ्या बाईंचा आवाज आला. "मावशी, मी वहीत काय लिहू? आज काय शिकवलं?"

"मला नाही सांगता यायचं," मावशी म्हणाली, आणि मुलीकडे वळली. "उद्या येताना दोन मीटर कापड आण. माझ्या मापाचं. कात्री तू धरायचीस."